रेणू सापडतो, औषध घडवावे लागते

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेच्या आणि व्यापाराच्या वाटांनी दख्खनभर पसरला, आणि कोल्हापूर संस्थानही त्यातून सुटले नाही. शाहू महाराजांच्या कारभाराने तेव्हा जे करता येण्याजोगे होते ते केले. वस्ती गावाबाहेर झोपड्यांत हलवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी ठेवली, घरांची सफाई करवून घेतली, लस टोचून घ्यायला लोकांची मनधरणी केली. हे सारे उपाय रोग येऊ नये म्हणून होते. काखेत किंवा जांघेत गाठ उठली की पुढे काय करायचे, याला दरबारापाशी उत्तर नव्हते आणि लंडनपाशीही नव्हते. प्लेगचा जीवाणू 1894 मध्ये ओळखला गेला होता, तरी शरीरात शिरलेल्या त्या जीवाणूला मारणारे औषध जगात कुठेच नव्हते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या एका रोगाने गेली. याच प्लेगची शंका 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आली, तेव्हा आरोग्य खात्याने टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. घबराट झाली, पण शंभर वर्षांपूर्वीसारखी गावे ओस पडली नाहीत. या दोन प्रसंगांच्या मध्ये जे घडले त्याचा बराच भाग महाराष्ट्रात घडला आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या आजच्या काळात तो इतिहास नीट वाचण्याची गरज आहे.

नव्या प्रतिजैविकांची चर्चा निघाली की ती बहुधा शोधाभोवती फिरते. एखाद्या झाडाच्या अर्कात, एखाद्या मातीच्या नमुन्यात, एखाद्या नव्या संयुगात जीवाणू मारण्याची ताकद दिसली की बातमी होते, आणि ते औषध दोन-चार वर्षांत दुकानात येईल असे वाचणाऱ्याला वाटते. महाराष्ट्रातल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष वेगळा आहे. जीवाणू मारणारा रेणू सापडणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग. तो प्राण्यावर, मग माणसावर तपासणे, शुद्ध स्वरूपात टनांनी बनवणे, परवडणाऱ्या किमतीत रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणे आणि हे सारे करताना दहा-पंधरा वर्षे पैसा व माणसे टिकवून धरणे, हा अवघड भाग. प्रयोगशाळा, कारखाना आणि रुग्णालय या तिघांना कोणीतरी एका सूत्रात बांधले तेव्हा आपल्याकडे औषधे झाली. ते सूत्र सुटले तेव्हा संशोधन कागदावर राहिले.

पहिला दाखला परळचा. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहान खोलीत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. 1932 मध्ये साहिबसिंग सोखी संचालक झाले. सोखी लष्करी वैद्यकीय सेवेतले होते आणि संस्थेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या काळच्या मानाने वेगळी होती. लस बनवणारी जागा एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. रसायनशास्त्रज्ञ, जीवाणूशास्त्रज्ञ आणि औषधशास्त्रज्ञ एकाच आवारात असावेत, एकाने बनवलेले दुसऱ्याने तपासावे आणि जे टिकेल ते तिथेच मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीत डोमाक यांनी 1935 मध्ये प्रॉन्टोसिलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले, तेव्हा परळला हे सारे हाताशी होते. के. गणपती यांनी सल्फा गटातली संयुगे तिथल्या प्रयोगशाळेत बनवायला घेतली. सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी प्लेगची लागण केलेल्या उंदरांवर ती तपासली. सल्फाथायाझोलचा गुण येतो, हे त्यांचे काम 1940 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. डॉ. वागळे यांच्यासह या मंडळींनी रुग्णांवरच्या उपचारांचे निष्कर्ष 1941 मध्ये मांडले. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

सल्फाथायाझोल हा रेणू परळला सापडलेला नव्हता, तो परदेशी प्रयोगशाळांतून नुकताच बाहेर आला होता. मग परळचे श्रेय कोणते, असे कोणी विचारील. श्रेय आहे ते वेगाचे आणि सलगतेचे. परदेशी कंपन्यांच्या दृष्टीने प्लेग हा गरीब वसाहतींचा रोग होता, त्यासाठी औषध तपासण्यात त्यांना फारसा लाभ नव्हता. ज्या भूमीवर रोग होता तिथल्याच संस्थेने संयुग बनवले, उंदरावर तपासले, माणसावर तपासले, आणि महायुद्धाने आयात आटली असताना उत्पादनाचाही विचार केला. संयुगापासून खाटेपर्यंतचा सबंध रस्ता दोन-तीन वर्षांत तुडवला गेला, कारण त्या रस्त्यावरची सारी ठाणी एकाच छताखाली किंवा हाकेच्या अंतरावर होती आणि त्यांचा खर्च सरकार करत होते. त्या काळी माणसांवरच्या चाचण्यांना आजच्यासारखी कडक बंधने नव्हती हे खरे. म्हणून आजही दोन-तीन वर्षांत औषध होईल असे म्हणणे चूक ठरेल. पण त्या वेगामागची रचना कालबाह्य झालेली नाही.

दुसरा दाखला पिंपरीचा. स्वातंत्र्यानंतर देशाला लागणारे पेनिसिलिन बाहेरून येत होते आणि महाग पडत होते. सोखी 1950 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेत वरिष्ठ पदावर होते आणि पेनिसिलिनचा कारखाना देशाच्या मालकीचा असावा यासाठी त्यांनी जोर लावला. युनिसेफने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पुरवले. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये पुण्याजवळच्या पिंपरीत पेनिसिलिन निघू लागले. तेव्हा पिंपरी गावच होते, आजची उद्योगनगरी तिच्याभोवती नंतर उभी राहिली. या मदतीतली महत्त्वाची गोष्ट अशी की तिच्यामागे कंपनी नव्हती, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था होत्या. त्यामुळे तंत्रज्ञान कुलूपबंद आले नाही आणि कारखान्याबरोबर संशोधन विभागही उभा राहिला.

या संशोधन विभागाची धुरा एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती. ते मूळचे बुरशीशास्त्रज्ञ, वनस्पतींच्या रोगांवर काम केलेले. सेल्मन वाक्समन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत 1943 मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते आणि त्यानंतर जगभर माती चाळण्याचा सपाटा सुरू झाला होता. पद्धत सांगायला सोपी. मातीचे नमुने आणायचे, त्यातले सूक्ष्मजीव थाळीत वेगळे वाढवायचे, शेजारी रोगजंतू किंवा बुरशी लावायची आणि कोणाभोवती मोकळे वर्तुळ पडते ते पाहायचे. हजारो थाळ्यांतून एखादीत काही दिसते आणि त्यातलेही बहुतेक आधीच माहीत असलेले निघते. पिंपरीच्या मातीतून 1960 च्या सुमारास मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसने नवे काही दिले. त्या जिवाला गावाच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हटले गेले आणि त्याच्या औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. पाठोपाठ पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आले. डर्मोस्टॅटिन आणि अँटिअमीबिन ही नावेही याच प्रयोगशाळेची. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन या कंपनीच्या स्वतःच्या नियतकालिकात हे काम छापले जाई. ज्या देशाला दहा वर्षांपूर्वी पेनिसिलिन बनवता येत नव्हते, तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेने जगाला अपरिचित अशी औषधे शोधली होती.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. ही औषधे बुरशीवरची, जीवाणूंवरची नव्हेत. हॅमायसिनसारखे पॉलिईन गटातले रेणू बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटून पटलाला भोके पाडतात. जीवाणूंच्या पटलात तो घटकच नसतो, म्हणून त्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत. मग जीवाणूरोधक औषधांच्या इतिहासात पिंपरीला जागा कशाला? जागा आहे, कारण थाळीवर वर्तुळ दिसण्यापासून बाजारात बाटली येईपर्यंतचे काम दोन्हींसाठी एकच असते, आणि ते इथे एकदा करून दाखवले गेले होते. दुसरे म्हणजे हॅमायसिनचा पुढचा प्रवासच या लेखातल्या मुद्द्याचा पुरावा आहे. त्वचेच्या आणि तोंडाच्या बुरशीवर ते वापरात आले, अमेरिकेत खोलवरच्या बुरशीसंसर्गांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. पण पोटातून ते नीट शोषले जात नव्हते आणि विषारीपणाचा प्रश्न होता. असा रेणू टाकून द्यायचा नसतो. त्याच्या रचनेत बदल करायचे, त्याला वाहून नेणारे नवे माध्यम शोधायचे, वर्षानुवर्षे रुग्णालयांबरोबर काम करायचे. पॉलिईन गटातल्याच अँफोटेरिसिनला चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवून परदेशी कंपन्यांनी पुढे तेच केले, आणि करोनाच्या साथीत म्युकरमायकोसिसने थैमान घातले तेव्हा आपण त्या औषधासाठी धावाधाव केली. पिंपरीला रेणू सापडला होता. पुढच्या रस्त्यासाठी कोणी खर्च केला नाही.

का केला नाही, याचे उत्तर एका माणसात किंवा एका खात्यात सापडणार नाही. स्ट्रेप्टोमायसिनसाठी पिंपरीने अमेरिकेतल्या मर्क कंपनीचे तंत्रज्ञान घेतले. क्षयाचे रुग्ण थांबणारे नव्हते, तेव्हा तो निर्णय समजण्याजोगा आहे. पण स्वतः शिकण्याची सवय अशा प्रत्येक करारागणिक थोडी मोडते. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचे ठेवले. त्यामुळे परदेशात निघालेले प्रतिजैविक वेगळ्या पद्धतीने बनवणे कायदेशीर झाले, भारतीय कारखाने यात तरबेज झाले आणि औषधे विलक्षण स्वस्त झाली. लाखो जीव त्यामुळे वाचले, या कायद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्याचा रेणू स्वस्तात बनवता येत असताना स्वतःचा रेणू पंधरा वर्षे पोसण्याचे धैर्य कंपन्यांना उरत नाही, हा त्याचा दुसरा परिणाम होता. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र 1972 पासून माती चाळत होते. तिथे सापडलेल्या एका रेणूला गावावरून मुलुंडोकँडिन नाव मिळाले. ते केंद्रही 1998 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले. पिंपरीचा कारखाना नव्वदच्या दशकात आजारी ठरला. पुढे चीनच्या स्वस्त पेनिसिलिन-जीपुढे देशातले कारखाने एकामागून एक बंद पडले. ते उत्पादन पुन्हा उभे करण्यासाठी केंद्र सरकारला 2020 मध्ये प्रोत्साहन योजना आणावी लागली आणि काकीनाडाजवळ ते नव्याने सुरू झाले. जे एकदा हातात होते ते सोडून पुन्हा विकत घेण्याचा हा प्रकार.

जीवाणू मात्र या काळात थांबलेले नव्हते. पेनिसिलिन फोडणारे विकर जीवाणूंपाशी आहे हे अब्राहम आणि चेन यांनी 1940 मध्येच, म्हणजे औषध रुग्णांपर्यंत पोचण्याआधी, नोंदवून ठेवले होते. नंतर आलेल्या प्रत्येक पिढीच्या औषधाला जीवाणूंनी कधी ना कधी उत्तर शोधले. शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम औषधांचा चुराडा करणारे एनडीएम-1 हे विकर भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात 2008 मध्ये आढळले. त्याच्या नावात नवी दिल्ली आल्याने आपल्याकडे राष्ट्राभिमानाचा वाद पेटला. पण नावावर वाद चालू होण्याआधीच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च 2010 मध्ये भारतीय नियतकालिकात लिहून ठेवले होते की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 जीवाणू-नमुन्यांपैकी 22 मध्ये हे विकर सापडले. त्याच रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2011 च्या अखेरीस जवळजवळ सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार 2019 या एका वर्षात औषधरोधी जीवाणूंमुळे थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाले. असे असूनही जीवाणूंवर संपूर्ण नव्या पद्धतीने मारा करणारे औषधगट ऐंशीच्या दशकानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले.

तिसरा दाखला औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. वोक्हार्ट कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्राने गेली पंचवीसेक वर्षे जीवाणूरोधक औषधांचा पिच्छा पुरवला आहे. लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे त्यांचे औषध 2020 मध्ये भारतात मान्य झाले. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या त्वचासंसर्गावर ते वापरतात. नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचे औषध नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते जाहीर झाले. अझिथ्रोमायसिन ज्या जागी जीवाणूच्या प्रथिननिर्मितीला अडवते तिथे जीवाणू बदल घडवून निसटतात. नॅफिथ्रोमायसिन तिथेच, पण अधिक ठिकाणी पकड घेते आणि दिवसातून एकदा, तीनच दिवस घ्यावे लागते. झिडेबॅक्टम हा तिसरा रेणू जीवाणूची भिंत बांधणाऱ्या एका वेगळ्या प्रथिनाला पकडतो आणि सेफेपिम या जुन्या औषधाला पुन्हा धार देतो. एनडीएम बाळगणाऱ्या जीवाणूंवरही ही जोडी चालते. यातले नॅफिथ्रोमायसिन घडायला सरकारी माहितीनुसार चौदा वर्षे आणि 500 कोटी रुपये लागले. त्यात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान साहाय्य परिषदेचा वाटा 8 कोटींचा, म्हणजे शंभरातले दोन रुपयेही नाहीत.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सरकारी पिंपरी बुडाली आणि खासगी औरंगाबाद जिंकले, तेव्हा हे काम बाजारावर सोपवावे. हा निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकेत अकाओजेन कंपनीने प्लाझोमायसिन हे नवे प्रतिजैविक काढले. जून 2018 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि एप्रिल 2019 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. औषधात दोष नव्हता. रक्तदाबाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो, नवे प्रतिजैविक मात्र आठवडाभर, आणि तेही शक्य तितक्या कमी जणांनी घ्यायचे, कारण जास्त वापरले की जीवाणू त्याला सरावतात. जो माल कमी खपला तरच टिकतो, त्याचा धंदा बाजाराच्या गणितात बसत नाही. वोक्हार्टने तो चिवटपणे केला हे कौतुकाचे आहे, पण एका कंपनीच्या चिवटपणावर राज्याचे आरोग्यधोरण उभे राहत नाही. ब्रिटनने 2022 पासून दोन नव्या प्रतिजैविकांसाठी, किती खपली हे न पाहता, कंपन्यांना ठरावीक वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली. खासगी कंपनीने शोधावे, समाजाने किंमत मोजावी आणि डॉक्टरांनी जपून वापरावे, अशी ही वाटणी आहे. परळच्या रचनेचे हे आजच्या काळातले रूप म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्या औषधांमागे धावण्यापेक्षा जुनी नीट वापरा, असे अनेक डॉक्टर सांगतात. सर्दीला प्रतिजैविक देणे, दुकानातून चिठ्ठीविना घेणे, बरे वाटताच डोस सोडणे, कोंबड्यांना खाद्यातून पाजणे, हे थांबले नाही तर नवे औषधही काही वर्षांत बोथट होईल. हे म्हणणे पूर्ण खरे आहे. 2014 मध्ये अनेक प्रतिजैविके एच-1 यादीत टाकून विक्रीची नोंद सक्तीची केली गेली आणि 2019 मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी आली, ती याच जाणिवेतून. पण संयम जुन्या औषधांचे आयुष्य वाढवतो, आज अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाच्या रक्तातला जीवाणू त्याने मरत नाही. शिवाय नवे औषध जपून वापरायचे तर आधी कोणत्या रुग्णात कोणता जीवाणू आहे हे कळायला हवे. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी कल्चर तपासणी हवी, नोंदी हव्यात, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवेत. नव्या औषधाच्या चाचणीलाही नेमके हेच लागते. दोन्ही मागण्यांचा पाया एक आहे, त्यांना एकमेकींविरुद्ध उभे करण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरचा या इतिहासाशी असलेला संबंध इथे येऊन पोचतो. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात आणि त्याच्या परिघातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे विद्यार्थी नवनवी संयुगे आणि चांदी-जस्ताचे सूक्ष्मकण बनवतात, इ. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकसच्या थाळीवर तपासतात, वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि शोधनिबंध लिहितात. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात हेच चालते. हे काम कमी प्रतीचे आहे असे नाही, तिरुमलाचारांच्या थाळ्यांवरही आधी वर्तुळच दिसले होते. पण ज्या जीवाणूंवर तपासणी होते ते बहुधा संग्रहातले, औषधांना दबणारे असतात. त्याच शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथल्या खाटांवरचे जीवाणू खऱ्या अर्थाने औषधरोधी असू शकतात. या दोन आवारांतले अंतर काही किलोमीटरांचे आहे. रुग्णालयातल्या जीवाणूंचा संग्रह विद्यापीठाला मिळाला, संयुग मानवी पेशींना किती घातक आहे याची तपासणी दुसऱ्याच टप्प्यावर झाली, आणि त्यातून तगणाऱ्या मोजक्या रेणूंचा पुढचा खर्च राज्याने उचलला, तर शंभरातली नव्याण्णव संयुगे लवकर बाद होतील. ते नुकसान मानायचे कारण नाही, कारण उरलेल्या एकाच्या पाठीशी पैसा आणि वर्षे लावण्याचे धैर्य त्यातूनच येते. परळला हे सरकारने केले, औरंगाबादेत एका कंपनीने केले, पिंपरीत अर्ध्यावर सोडले गेले. यातला तिसरा प्रकार सगळ्यांत महाग पडतो. म्हणून महाराष्ट्रात पुढचे प्रतिजैविक कोण शोधणार, यापेक्षा सापडलेल्या रेणूची पहिली पंधरा वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न विधानसभेत, विद्यापीठांच्या अधिसभांत आणि अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारला गेला पाहिजे.